मार्थाबाईंचं ‘नाही’

‘तुम्ही नोकरीत काय करत होता?’ असं कुणी विचारलं आणि मी ‘वाचा-उपचार’ असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे तोतरी मुलं का?’ हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी तर एकदा स्नेहसंमेलनाचं भाषण हातात ठेवलं आणि म्हणाले, ‘जरा उच्चार बघून दे.’ आमच्या घरात तीन पिढ्या वकिलीच्या. बोलणं ही घरची शेती. त्या घरातली मुलगी सरकारी दवाखान्यात बसून म्हाताऱ्या माणसांना ‘किल्ली’ आणि ‘कंगवा’ म्हणायला लावते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीटसं पटलं नाही. ती पाहुण्यांना सांगायची, ‘ती हॉस्पिटलात असते.’ त्यामुळे निम्मे नातेवाईक माझ्या तब्येतीची चौकशी करायचे.

तर आधी धंदा सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की उजवं अंग लुळं पडतं, आणि पुष्कळदा भाषाही जाते. याला वाचाघात म्हणतात. जीभ शाबूत असते, घसा शाबूत असतो, आणि पुष्कळ वेळा अक्कलही शाबूत असते. फक्त शब्द कुठे ठेवलाय ते सापडत नाही. समोर पाण्याचा पेला दिसतो, तहान लागलेली असते आणि ‘पाणी’ म्हणता येत नाही. घरच्यांना वाटतं, बोलत नाही म्हणजे कळतही नाही. मग ते त्या माणसाच्या देखत त्याच्याबद्दल असे बोलतात, जणू खाटेवर उशी ठेवली आहे. माझी तीस वर्षं या एका गैरसमजाशी भांडण्यात गेली.

या दुखण्यात एक गंमत मात्र आहे. लहानपणापासून पाठ असलेलं पुष्कळदा शिल्लक राहतं. पाढे, वार, आरत्या, म्हणी, शिव्या. विशेषतः शिव्या. ज्याला बायकोचं नाव आठवत नाही तो गृहस्थ नर्सला अस्खलित शिवी देतो आणि स्वतःच चकित होतो. आम्ही त्याचाच उपयोग करतो. ‘आंधळा मागतो एक...’ असं म्हणायचं आणि थांबायचं. पेशंटच्या तोंडून ‘डोळा’ निघतो. मग हळूहळू तो शब्द म्हणीतून सोडवायचा आणि आरशासमोर कामाला लावायचा. नियम एकच, शेवटचा शब्द पेशंटचा. आपण थांबायचं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे थांबणं शिकायला पाच वर्षं लागली.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे करीमभाई आले. आबिड्सला त्यांचं घड्याळं दुरुस्त करण्याचं छोटंसं दुकान होतं. महिनाभर एक शब्द नव्हता. मग एके दिवशी ते म्हणाले, ‘हौ.’ आपल्या हैदराबादचं ‘हो’. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि फाइलीत लिहिलं की पेशंट होकार देतो. त्यांच्या बेगम मात्र कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘कुछ बी पूछो, हौच बोलतें, मॅडम.’ मी त्यांना गप्प केलं. मला माझं काम शिकवू नका, असा माझा तेव्हा बाणा.

पुढल्या महिन्यात भावांनी त्यांना विचारलं, ‘दुकान बंद कर दें?’ हौ. ‘औजारां दे डालें?’ हौ. करीमभाई पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा डावी मूठ टेबलावर आपटत, रडत म्हणत होते, ‘हौ, हौ, हौ.’ तो ‘हौ’ काय म्हणत होता ते मला त्या दिवशी कळलं. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काही किंमत नसते. ती औजारं परत मिळाली की नाही, हे मी नंतर विचारलंसुद्धा नाही. धीर झाला नाही.

इतका महाग धडा मिळाल्यावर माणसाने विसरू नये. पण मी विसरले, म्हणून मार्थाबाईंची गोष्ट सांगायची आहे.

मार्था साळवे. सिकंदराबादेत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रन म्हणून उभं आयुष्य काढलं होतं. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन वर्षं झालेली, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. सकाळी चहा गाळताना पडल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मुलगा सॅम्युएल सॉफ्टवेअरमध्ये, सून सुनीता तेलुगू. दवाखान्याचा फॉर्म सॅम्युएलने भरला. ‘भाषा’ या रकान्यात त्याने लिहिलं : इंग्लिश, तेलुगू.

त्याप्रमाणे मी कामाला लागले. आमची चित्रांची कार्डं कुठल्याशा थंड देशातून आलेली. त्यात एक बर्फाचा माणूस होता, गाजराच्या नाकाचा. हैदराबादच्या उन्हाळ्यात मी ते कार्ड दाखवून ‘हे काय?’ विचारायची आणि पेशंट माझ्याकडे दयेने बघायचे. मार्थाबाईंनीही तसंच बघितलं. मग सॅम्युएल म्हणाला, ‘मम्मी प्रेयर बहोत करती, मॅडम,’ आणि घरातलं जाडजूड इंग्रजी बायबल घेऊन आला. मी खूश झाले. त्यातलं मेंढपाळाचं आणि हिरव्या कुरणाचं स्तोत्र मला कॉन्व्हेंटमुळे पाठच होतं. आवाज मऊ करून मी एकेक ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायची.

पहिल्या दिवशी मार्थाबाईंनी ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने बायबल टेबलावरून खाली ढकललं. सुनीता धावली, पुस्तक उचलून डोळ्याला लावलं आणि मलाच ‘सॉरी’ म्हणाली. मी फाइल उघडली आणि इंग्रजीत लिहिलं : सहकार्य नाही, आकलन शंकास्पद.

चार शब्द. पेन चांगलं चाललं.

पुढच्या आठवड्यात सॅम्युएलने सांगितलं, की शहराबाहेर एक संस्था आहे, तिथे मम्मीला ठेवायचं चाललंय. दोन खोल्यांचं घर सोडून द्यायचं. येता शुक्रवार सोडून त्याच्या पुढच्या शुक्रवारी आमच्या विभागप्रमुखांबरोबर बैठक होती, त्यात शिक्कामोर्तब होणार होतं. ‘मम्मी से पूछे क्या?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘क्या पूछना, मॅडम? रिपोर्ट में हैच ना, समझताच नै बोलके. इधर रहे तो क्या, उधर रहे तो क्या.’

मी त्याच्यावर भडकणार होते. पण त्याचे डोळे लाल होते. तो रोज सकाळी आईला स्वतः आंघोळ घालून मग ऑफिसला जात होता, आणि सुनीताचे गुडघे उचलाउचलीने सुजले होते. शिवाय ज्या रिपोर्टाच्या जोरावर तो बोलत होता तो माझ्या हातचा होता.

त्याच दिवशी, मार्थाबाई समोर खुर्चीत बसलेल्या असताना माझ्या बहिणीचा फोन आला. तिचं आमटीवरून सासरी वाजलं होतं आणि तिला न्याय हवा होता. मी ओरडले, ‘अगं, कटाच्या आमटीत चिंच कमी पडली तर मी इथे दवाखान्यात बसून काय करू? तुझ्या जावेलाच विचार!’

समोरून हसण्याचा आवाज आला. चांगला खणखणीत. मार्थाबाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

‘मार्थाबाई,’ मी फोन ठेवून म्हणाले, ‘तुम्हाला मराठी कळतं?’

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ते त्यांनी बराच वेळ सोडलं नाही. बोटांचे वळ उठले.

सॅम्युएलला बोलावून विचारलं. ‘हौ मॅडम, मम्मी जालना साइड की,’ तो म्हणाला. ‘नाना उधर मास्टर थे. गांव गांव फिर के प्रवचन करते, मराठी में गाने बनाते. उनकी एक कापी है घर में. मेरे कू पढ़ना नै आता. घर में मराठी मम्मीच बोलती, वो बी अकेले में.’

‘मग आधी का नाही सांगितलं? पहले क्यों नै बोले?’

‘आप पूछेच नै.’

खरंच होतं. फाइलीवर ढळढळीत ‘साळवे’ लिहिलं होतं, मी स्वतः मराठी, आणि मला विचारायचं सुचलं नाही. ख्रिस्ती बाई म्हणजे इंग्रजी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. या शहरात जन्म काढलेल्या माणसाने करू नये अशी ही चूक.

दुसऱ्या दिवशी वही आली. काळं रेक्झिनचं कव्हर, निळी शाई, मास्तरी वळणाचं अक्षर. मार्थाबाईंच्या वडिलांनी बायबलातली स्तोत्रं ओव्यांत बसवली होती. जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता वाचत बसले. स्तोत्र म्हणजे देवाची स्तुती, एवढंच मला ठाऊक. गोड काहीतरी असेल, रडणाऱ्याला थोपटून गप्प करणारं, अशी माझी समजूत. निघालं ते उलटंच. पानामागून पान तक्रार. हाडं वाळली, दोस्त पळाले, वैरी हसतायत, आणि देवा, तू झोपलास का? ऊठ की! एका पानावर होतं :

किती दिवस देवा, फिरवशील पाठ?
पाहू किती वाट, सांग आता.

आणि मग त्याच दमात हा माणूस म्हणतो, की मी गाणारच. संकट टळलं म्हणून गाणार, असं नव्हे. संकट अजून दारातच उभं आहे आणि हा गातोय. मला हे फार आवडलं. त्या धर्माशी माझा काही संबंध नाही, पण भांडणाशी माझा जुना संबंध आहे. मार्थाबाईंनी ते जाड पुस्तक का ढकललं तेही लक्षात आलं. अर्धं अंग गेलेल्या बाईला मी परक्या भाषेत, मऊ आवाजात, हिरवं कुरण दाखवत होते. मी असते तर पुस्तक नुसतं ढकललं नसतं, फेकून मारलं असतं.

दुपारी त्यांच्यासमोर वही उघडली. चाल मला माहीत नव्हती आणि माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. नुसतंच वाचलं, ‘किती दिवस देवा, फिरवशील...’ आणि थांबले.

‘पाठ,’ मार्थाबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी ती ओवी पहिल्यापासून गायली. जात्यावरची असावी तशी हेलकाव्याची चाल होती. शब्द स्वच्छ. दारात उभी असलेली सुनीता ‘अत्तम्मा!’ असं म्हणून, सासूला हाक मारून, तिथेच खाली बसली.

हे पाहून लोकांना वाटतं चमत्कार झाला. तसं काही नसतं. गाणं म्हणजे बोलणं नव्हे. गाण्याला मेंदूची उजवी बाजू हात देते, आणि ती मार्थाबाईंची धडधाकट होती. गाणारा पेशंट पाणी मागू शकेलच असं नाही. गाण्यातून एक शब्द सोडवून काढायला घाम गाळावा लागतो, आणि माझ्या हातात दहा दिवस होते. कुठला शब्द ते मी करीमभाईंना स्मरून ठरवलं. वहीत तांबड्या पेन्सिलीची खूण केलेली एक ओवी होती :

ढकलले मला, पडणार नाही;
आले जरी मरण, मरणार नाही;
जगेन नि सांगेन ठायी ठायी
करणी तुझी.

आधी सगळी ओवी दोघींनी म्हणायची. मग मी ‘पडणार’पाशी थांबायचं. मग चाल काढून टाकायची आणि नुसता त्यांच्या डाव्या हाताने खुर्चीवर ठेका. मग ठेकाही बंद. मग कंगवा दाखवून विचारायचं, ‘ही किल्ली आहे का?’ सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. सहा दिवस कंगव्याला ‘नाही’ मिळालं नाही. त्या घामाघूम व्हायच्या, मी चिडायची, त्या माझ्याहून जास्त चिडायच्या. सातव्या दिवशी त्यांनी ओठ चावून रक्त काढलं. मी म्हटलं, आज राहू द्या. त्यांनी वहीवर बोट आपटलं : पुन्हा.

आठव्या दिवशी मी वैतागून तो गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस समोर धरला आणि विचारलं, ‘ही तुमची सून का?’

‘नाही,’ मार्थाबाई म्हणाल्या, आणि हसू लागल्या.

शुक्रवारी बैठक झाली. विभागप्रमुखांना आम्ही सगळे सर म्हणायचो. माणूस चोख, पण फाइलीवर श्रद्धा. मी सुरुवातीलाच सांगितलं की माझा शेरा चुकीचा आहे, चूक माझी आहे. ते म्हणाले, ‘मॅडम, पेशंट गाते एवढ्यावरून तिला समजतं असं धरायचं नाही, हे तुम्हीच आपल्या शिकाऊ मुलांना शिकवता.’ बरोबर होतं. मीच शिकवत होते. मग ठरलं की सॅम्युएल विचारेल आणि मी मधे एक अक्षर बोलायचं नाही, खूण करायची नाही.

सॅम्युएल आईसमोर उकिडवा बसला. ‘मम्मी, वो नई जगह कू जाना?’

मार्थाबाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नुसता श्वास आला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या जिभेवर तो शब्द उड्या मारत होता. मी पदर दातात धरला, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात त्यांचा डावा हात चाकाच्या खुर्चीवर ठेका धरू लागला. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, बारीक आवाजात. ‘ढकलले मला, पडणार नाही. आले जरी मरण, मरणार...’ तिथे थांबल्या. हात थांबवला. मुलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि चाल न लावता, कोरडं, वसतिगृहातल्या पोरींना दरडावावं तसं म्हणाल्या, ‘नाही.’

‘पाठांतर आहे,’ सर म्हणाले.

‘सर, आता तुम्ही विचारा. उलटसुलट विचारा,’ मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, ‘आपका नाम सरोजिनी है?’ नाही. ‘मार्था है?’ मान हलली. ‘ये आपका भाई है?’ नाही. ‘बेटा है?’ मान. ‘हम अभी दिल्ली में बैठे हैं?’ या प्रश्नाला त्यांनी जे ‘नाही’ दिलं त्यात ‘मूर्खा’ हा शब्द न उच्चारता होता. सरांनी पेन खाली ठेवलं.

सॅम्युएल अजून उकिडवाच होता. त्याने हळू विचारलं, ‘तो फिर अपने घर कू जाना, मम्मी? तुम्हारे घर कू?’

आता मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मार्थाबाईंना ते पुरेनासं झालं असावं. त्या ओवीत पुढे गेल्या. ‘जगेन,’ म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, ‘जगेन.’

आणि सॅम्युएल, ज्याला मराठी वाचता येत नव्हतं, तो मोडक्या उच्चारांत पुढलं म्हणाला, ‘नि सांगेन ठायी ठायी, करणी तुझी.’ मग माझ्याकडे वळला. ‘मम्मी ये गा के सुलाती थी मेरे कू. मतलब क्या है, मॅडम?’

मी मतलब सांगितला. तो तसाच जमिनीवर बसला. मग म्हणाला, ‘घर कू लेके जातूं.’

त्याने नेलं. दिवसभर एक बाई ठेवली, रविवारी तो आणि सुनीता येऊन राहू लागले. ते सोपं झालं असं मी म्हणणार नाही. सुनीताने मला तोंडावर ऐकवलं, की तुमचं काय जातं, मॅडम, उचलायचं आम्हाला आहे. तिचंही बरोबर होतं. पण मार्थाबाई चार वर्षं जगल्या, दर बुधवारी माझ्याकडे आल्या आणि तीस-चाळीस शब्दांपर्यंत पोचल्या. सर्वांत लाडका पहिलाच. पथ्याच्या भाजीला नाही, दुपारच्या झोपेला नाही, देवळातली, म्हणजे चर्चमधली, मराठी गाणी बंद करून सगळं इंग्रजीत करावं म्हणणाऱ्या मंडळींना तर तीनदा नाही. शेवटच्या वर्षी एकदा त्यांनी वहीची पानं उलटून मेंढपाळाच्या स्तोत्रावर बोट ठेवलं आणि मला वाचायची खूण केली. मी म्हटलं, ‘आता चालतं वाटतं?’ त्या हसल्या. भांडण मिटल्यावर कुरण गोड लागत असेल.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, लोक काहीबाही विचारत होते आणि मला, तीस वर्षं दुसऱ्यांना बोलतं करणारीला, एक शब्द सापडत नव्हता. आमच्या घरातली सगळी स्तोत्रं मला येतात, पण तेव्हा आतून आलं ते एवढंच : किती दिवस देवा, फिरवशील पाठ? उत्तर कुठून आलं नाही. मी उत्तराची वाटही पाहत नव्हते. पण भांडायला कुणीतरी समोर आहे असं धरून मी उठले, आणि कागदांवर सह्या केल्या.

आता मी अडुसष्टची आहे. रक्तदाब आहे, आणि या दुखण्याची पावलं मला चांगली ओळखू येतात. माझी भाची केतकी जवळच राहते. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं, अर्धं बोलणं तेलुगूत आणि उरलेलं इंग्रजीत. परवा तिला बसवून ती ओवी तिच्या हाताने लिहून घेतली. तीन चुका केल्या, तीनदा लिहायला लावलं. ती वैतागली, ‘अगं मावशी, हे कशाला पण?’

सांगितलं तिला. उद्या मी पडले तर फॉर्मवर भाषेच्या रकान्यात मराठी लिही. माझ्यासमोर बसून गोड आवाजात काहीही म्हणू नकोस. हा कागद काढ, पहिल्यापासून म्हण आणि ‘मरणार’पाशी थांब. डॉक्टर घड्याळ बघतील, बघू देत. मी लाल होईन, घामाघूम होईन, तुला दया येईल. तरी पुढचा शब्द तू म्हणायचा नाहीस. तो मी म्हणेन.